देवासमोरची चावी

गाडीची बॅटरी उभ्या-उभ्या रिकामी होते हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कंपनीच्या फोनवरची बाई म्हणाली, "सर, एखाद-दोन टक्के नॉर्मल आहे." मी म्हणालो, "अहो ताई, रोज आठ टक्के जातात. पडवीत बांधलेली म्हैससुद्धा इतकं खात नाही." तिने तक्रार नोंदवून घेतली. पुढे काही झालं नाही.

इलेक्ट्रिक गाडी घेतली ती आईसाठी. तिच्या डाव्या डोळ्याची नजर केव्हाच गेलेली, आणि उजव्याला दर महिन्याला कुडाळात इंजेक्शन लागतं. डॉक्टर कोल्हापूरहून महिन्यातून एकदाच येतात आणि दुपारी एकला निघतात. इंजेक्शन चुकलं तर त्या महिन्यात जेवढी नजर जाईल तेवढी परत येत नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितलं होतं. तोंडवलीहून दोन एसट्या बदलून जाताना तिला उलट्या व्हायच्या. म्हणून गाडी.

पावसाळा सरता सरता आमच्याकडे तारांवर माड पडला आणि तीन दिवस लाईट नव्हती. गाडीत एक्कावन्न टक्के होते. चौथा दिवस इंजेक्शनचा. सकाळी बघतो तर सव्वीस. शहाण्या माणसाने शेजाऱ्याची रिक्षा सांगितली असती. पण मी कुणाचं ऐकणारा नाही, त्यात गाडी नवी. म्हटलं, जाईल. एसी बंद, काचा खाली, आणि माझी नजर रस्त्यापेक्षा आकड्यावर जास्त. कसालच्या बाजाराशी गाडीने मान टाकली. तिथून रिक्षा मिळेपर्यंत आणि कुडाळ गाठेपर्यंत दीड वाजला. डॉक्टर निघून गेले होते. आई बाकावर बसली आणि म्हणाली, "जाव दे रे. फुडच्या म्हयन्यात येव." मला मात्र स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

गाडी ओढून घरी आणली, लाईट आली तशी भरली आणि मग मी हात धुऊन तिच्या मागे लागलो. प्लग बदलला. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेतलं. मोबाईलवरून सारखं चार्जिंग बघितलं तरी गाडी जागी होते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून आठवडाभर ते अॅपच उघडलं नाही. सर्व्हिसवाल्यांनी दोन दिवस गाडी ठेवून घेतली. तिकडे एक टक्कासुद्धा उतरली नाही. घरी आणली की पुन्हा आठ. सर्व्हिसचा माणूस नम्रपणे म्हणाला, "साहेब, गाडीत दोष नाही. तुमच्या घरात काहीतरी आहे." मी त्याला नाही नाही ते बोललो.

एका संध्याकाळी पडवीत गाडी पुसत होतो. आत आईने दिवा लावला. आणि माझ्या डोळ्यांदेखत गाडीचे मिटलेले आरसे आपोआप उघडले. दिवे लुकलुकले. मी गाडीला हातही लावला नव्हता.

आमच्या देवाच्या खोलीची खिडकी पडवीत उघडते आणि गाडीचं तोंड नेमकं त्या खिडकीखाली. आत जाऊन बघितलं तर देवांसमोर, फुलांच्या तबकात, गाडीची चावी. बाबा टेम्पो चालवायचे. दिवेलागणीला त्यांची चावी देवासमोर आणि सकाळी पाया पडून उचलायची, असा आमच्याकडे नेम. मी चावी खुंटीला लावायचो, ती उचलून आई तिथे नेऊन ठेवायची. मला सकाळी ती तिथेच मिळायची, आणि कधी काही वाटलंही नाही. फोन लावला तर सर्व्हिसवाला म्हणाला, "हेच ते. चावी इतकी जवळ असली की गाडीला वाटतं, मालक आला. रात्रभर जागीच राहते."

माझं डोकं फिरलं. "तुझ्या देवांनीच बॅटरी खाल्ली गो आये! त्या दिवशी उगाच कसालात बसलो!"

ती वात सारखी करत होती. म्हणाली, "डोळो माझो मां? मगे तू कित्याक वरडतंस?"

मला लाज वाटली, खरंच वाटली. सव्वीसवर गाडी काढणारा मीच होतो.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, चावी आता कुठे ठेवायची. मी म्हटलं, लांब स्वयंपाकघरात, नाहीतर धातूच्या बंद डब्यात, म्हणजे तिचा सिग्नल गाडीपर्यंत पोचत नाही. "लांब नको," ती म्हणाली. "तुझ्या बापाशीची चावी तीस वर्सां हयच ऱ्हवली." कपाट चाचपून तिने बाबांचा पितळी पानाचा डबा काढला, चावी आत घातली, झाकण दाबलं आणि देवासमोर ठेवला. बाहेर आरसे मिटले ते मिटलेच राहिले.

पुढच्या इंजेक्शनच्या आदल्या संध्याकाळी गाडीत एक्क्याऐंशी टक्के होते. सकाळीही एक्क्याऐंशीच. मी खुशीत आईला पुढे बसवलं आणि म्हटलं, "बघ आये, तूच वाच." ती पडद्याकडे वाकली. मान या बाजूला केली, त्या बाजूला केली.

"आठ दिसता," ती म्हणाली. "फुडचो आकडो खंय गेलो रे झिला?"

गेल्या महिन्यापर्यंत ती कॅलेंडरवरच्या बारीक तिथ्या वाचायची.

"एक आसा, आये," मी म्हणालो आणि गाडी काढली.