माझं बसणं

माझ्या रागावर औषध म्हणून मला ध्यान शिकायला पाठवलं. ठरवलं नवऱ्याने, मान डोलावली सासऱ्यांनी, आणि मला ते कळलं आदल्या दिवशी. मध्य प्रदेशात, लोधीखेड्याजवळ आमची संत्र्याची बाग आहे. माझा आवाज चढला की बागेच्या पार पलीकडच्या धुऱ्यावर, शेवटच्या बांधावर ऐकू जातो अशी माझी ख्याती, आणि ती काही खोटी नाही. डॉक्टरांनी बीपी वाढल्याचं सांगितलं तेव्हा घरच्यांना काळजी वाटली, नाही असं नाही. पण बीपीबरोबर माझा आवाजही खाली येईल, हा हिशेब त्यात होताच. मला तो लगेच कळला आणि संतापही आला. तरी गेले. दुपारभर घराबाहेर पडायला मिळत होतं, ते कोण सोडणार?

वर्ग सौसरला, एका समाजभवनात. शिकवणाऱ्या बाई पांढुर्ण्याच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. सतरंजीवर आम्ही दहा-बारा बायका. बाई हिंदीतून सांगायच्या, आँखें बंद करो, साँस को देखो. मी डोळे मिटायची आणि डोक्यातली बडबड आपल्या बोलीत सुरू व्हायची. मोटर बंद केली का? डाळ भिजत घातली का? मागच्या दिवाळीत नणंद सगळ्यांसमोर काय बोलली होती, आणि तेव्हा मी काय बोलायला हवं होतं? पायाला मुंग्या येत. शेजारची बाई चक्क घोरायची. श्वास एकीकडे आणि मी भलतीकडेच.

आठवडाभराने मी बाईंना सांगून टाकलं की मला शांती वगैरे काही मिळत नाही, डोळे मिटले की नुसता राग येतो. मला वाटलं, आता प्रवचन ऐकावं लागणार, सर्वांना क्षमा करा वगैरे. क्षमा करायची माझी अजिबात तयारी नव्हती. पण बाई एवढंच म्हणाल्या, "आने दो. बैठी रहो और देखो."

हे मला जमण्यासारखं होतं. रागाशी माझी जुनी ओळख.

मग मी घरीही बसायला लागले. पहाटे अर्धा तास, मधल्या खोलीत, दार लोटून. नेमकी तीच घरच्या चहाची वेळ. मी उठल्यावर चहा मांडायची, म्हणजे सगळ्यांचा चहा अर्धा तास लांबला. त्या अर्ध्या तासात बाहेर जी खाकरणी, खोकणी आणि भांड्यांची आदळआपट चालायची ती मी मुकाट्याने ऐकायची. उठायची मात्र नाही. लग्न झाल्यापासून या घरात माझ्या एकटीचं असं काही नव्हतं. हा अर्धा तास होता, आणि तो मी कुणाला देणार नव्हते.

नवऱ्याला तर आयतं कोलीतच मिळालं. मी जरा आवाज चढवला की म्हणायचा, "ध्यान करून राहिली न तू? मंग राग कायले येते?" ध्यान म्हणजे जणू माझ्या तोंडाला लावलेलं कुलूप. पण झालं उलटंच. आधी मला राग आला की रडू यायचं, आणि रडणाऱ्या बाईचं बोलणं कोण मनावर घेतो? आता राग छातीतून वर येताना दिसायचा. तो येईपर्यंत थांबता यायचं, आणि मग जे म्हणायचं ते नीट, न रडता म्हणता यायचं. नवऱ्याला हे आवडलं नाही. त्याला माझी रडारड परवडत होती.

हिवाळ्यात संत्र्याचा तोडा झाला आणि सासऱ्यांनी दरवर्षीप्रमाणे बागेचं पाणी तोडलं. आमच्याकडे बहारासाठी हे करतातच. पाणी बंद केलं की झाडं वाढ थांबवून स्वस्थ बसतात, पानं मलूल होतात, पिवळी पडतात. मग पुन्हा पाणी सोडलं की फुलं धरतात. पण मधले दिवस बघवत नाहीत. नवऱ्याचा जीव खालीवर व्हायला लागला, थोडं पाणी देऊ म्हणाला. सासरे त्याच्यावर ओरडले. झाडाला आराम हवा, मोटरीला कोणी हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं.

त्याच संध्याकाळी ओसरीवर बसून त्यांनी माझाही निकाल लावला.

"सूनबाई, उद्यापासून हे बसनं बंद. चहाचा टाइम चुकून राहिला."

राग आला. येताना मी पाहिला. घशाशी आला, तिथे क्षणभर थांबला, आणि रडू आलं नाही.

"मामाजी," मी म्हटलं, "झाडं महिना-महिना बसून राहते तं तुमी मोटरीपाशी पहारा देता. मी अर्धा घंटा बसते तं घराले कमी पडते. मी उद्या बी बसीन, परवा बी बसीन."

नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. रात्री मला नीट झोप लागली नाही. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू?

पहाटे उठून बसले. बाहेर आधी शांतता, मग गॅस पेटल्याचा आवाज, कपबशा. थोड्या वेळाने दूध उतू जाऊन करपल्याचा वास दाराच्या फटीतून आत आला. हात नुसते शिवशिवले. श्वास आत, करपलेलं दूध. श्वास बाहेर, करपलेलं दूध. पुरा अर्धा तास मी बसले.

बाहेर आले तर दोघे चहा पीत होते. सासऱ्यांनी माझ्यासाठीही एक कप झाकून ठेवला होता. मग माझ्याकडे न बघता मोठ्या मनाने नवऱ्याला म्हणाले, "बसू दे तिले सकाळी. मी परवानगी देल्ली."

"मी मांगतली नव्हती, मामाजी," मी म्हटलं आणि चहा प्यायले. साखर फार झाली होती.

करपलेलं पातेलं मोरीत पडलं होतं. ते मी घासलं नाही.