माझं पुस्तक कायम वाचकाकडे

माझ्या आठवणींचं पुस्तक छापून आलं आणि बहुतेक प्रती वरोऱ्यात माझ्याच पलंगाखाली राहिल्या. मग कोणीतरी त्याची पीडीएफ करून नागभीडच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. कोणी विकत घेत नव्हतं तोवर मी शांत होतो; लोक फुकट वाचताहेत म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. ग्रुप चालवणाऱ्या मास्तरांना फोन करून मी कॉपीराइटचा कायदा ऐकवला, कोर्टाची भाषा केली.

"भाऊ, तुमचंच नाव होऊन राह्यलं, अन् तुम्ही काऊन चिडून राह्यले?" मास्तर म्हणाले. पण फाईल काढली.

त्याच जोरात मी पुस्तक एका वाचनालयाच्या मोबाइल अ‍ॅपला दिलं, अटी घालून. एका वेळी एकाच्याच फोनवर उघडेल. दुसरा कोणी रांगेत असेल तर पहिल्याला मुदत वाढवून मिळणार नाही.

आणि काय सांगू! कधीही बघावं तर पुस्तक 'वाचकाकडे आहे'. धानाच्या रोवणीत वाचकाकडे, कापणीतही वाचकाकडे. चहाच्या टपरीवर मी ओळखीच्यांच्या नाकासमोर मोबाइल धरायचो.

दिवाळीनंतर आरमोरीजवळ थोरल्या बहिणीच्या गावी मंडई, म्हणजे रात्रभर नाटकं चालणारी गावजत्रा, होती. मंडईला घर पाहुण्यांनी भरतं. दुपारची जेवणं उरकली तसं मी सगळ्यांसमोर तेच कौतुक सुरू केलं. बहिणीनं मला हाताला धरून घरामागच्या वाडीत नेलं आणि आपला मोबाइल दाखवला. पडद्यावर माझंच पुस्तक होतं.

"बाई, तू वाचून राह्यली?" मला भरूनच आलं.

"एकच धडा वाचला. मी नाटकवाल्याइसंगं पळून गेली होती, तो." ती हळू आवाजात म्हणाली. "ग्रुपवरचं तू बंद केलं तवा जिवात जीव आला. हे अ‍ॅपवरचं मंग मी दर बारी मुदत वाढवून धरून ठेवलं. माह्याकडे आहे तवर सुनाइच्या हाती लागत नाई."

ती गोष्ट तिच्या लग्नाआधीची. वडिलांनी तिला परत आणलं होतं आणि सासरी कोणालाच पत्ता नव्हता. मला मात्र ते पुस्तकातलं सगळ्यात रंगलेलं प्रकरण वाटत होतं. एकेका पानाच्या हक्कासाठी मी भांडलो होतो, आणि हे पान कोणाचं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आज मुदत संपून राह्यली," तिनं फोन माझ्या हातात दिला. "चष्मा कुठी ठेवला ते आठवत नाई. तूच वाढवून दे."

मी बटण दाबलं. मुदत लगेच वाढली.

"रांगेत कोणी आहे का रे?" तिनं घाबरत विचारलं.

"कोणीच नाई, बाई. वर्षभर कोणीच नव्हतं."

"देव पावला!" ती म्हणाली. माझ्या पुस्तकाबद्दल इतकं आनंदून आजवर कोणीच बोललं नव्हतं.