चांदी म्हशीचा झिरा

हा अनुभव मी भजनात अनेकदा सांगितला, पण अर्धाच. उरलेला अर्धा सांगायचं वर्षानुवर्षं टाळलं. आता वय झालं, तेव्हा पूर्ण सांगून टाकतो.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि त्यात दुष्काळ. औशाच्या आमच्या भजनी मंडळातली वीसेक तरुण पोरं घेऊन मी मांजरेकाठी शिबिराला गेलो. जागा गयाबाईंच्या मालकीची, नदीला लागून असलेली आमराई. नदी कोरडी पडलेली. वाळूत खणलेल्या एका झिऱ्यावर गयाबाईंचं घर आणि आमचं शिबिर, दोन्ही चालणार होतं. त्यांची अट एकच. "गुरुजी, पानी भरलं की झिऱ्यावर काट्या वढून ठिवा. न्हाईतर जनावरं घाण करत्यात."

संध्याकाळी खिचडी अर्धवट शिजली आणि सरपण संपलं. पोरं भजनापेक्षा मोठ्या आवाजात भुकेचा गजर करू लागली. मी गुपचूप जाऊन झिऱ्यावरच्या बाभळीच्या वाळक्या काट्या आणल्या आणि चुलीत घातल्या. सकाळी दुसऱ्या तोडू, असं मनाशी म्हटलं.

सकाळी पाहतो तर गयाबाईंची म्हैस, चांदी, दावं तोडून झिऱ्यात उभी! पाण्याचा नुसता चिखल, कडा ढासळून झिरा बुजलेला. गयाबाईंनी तिला काठीचे दोन रट्टे दिले आणि माझ्यापुढे हात जोडले. "माझ्या जनावरानं घात केला, गुरुजी. काट्या उधळून देवाच्या पोरांचं पानी नासवलं."

तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "असू द्या मावशी, मुकं जनावर."

पोरांनी तीन ठिकाणी वाळू उपसली. थेंब नाही. आता गाठोडी बांधून परत जायचं, एवढंच उरलं होतं. मी डोळे मिटले आणि म्हटलं, देवा, माझ्याच्यानं आता काही होत नाही, तूच बघ. डोळे उघडले तर चांदी काठालगतची वाळू खुराने उकरून तिथेच बसलेली. गयाबाई दावं ओढतायत, पोरं मागून ढकलतायत, ती ढिम्म.

"गुरुजी, ही शिबिरात नाव नोंदवून बसली!" एक जण ओरडला आणि सगळे हसून वाळूत लोळले.

कशीबशी उठवली, तर तिच्या पोटाखालची वाळू ओलसर लागली. तिथेच खणलं. हातभर खाली पाणी झिरपू लागलं, स्वच्छ आणि गार. शिबिर आनंदात पार पडलं.

याला कोणी काय म्हणायचं ते म्हणो. मला एवढंच उमगलं, की देवाने माझ्या खरेपणाची वाट पाहिली नाही. मी हात टेकले तेव्हा त्याने हात दिला, आणि तोही जिच्यावर मी आळ येऊ दिला तिच्याकडून. त्याचे उपकार मी रोज आठवतो.

पुढे त्या आमराईत कितीदा गेलो. गयाबाई प्रत्येक नव्या पाहुण्याला कौतुकाने सांगत, "चांदीनंच पानी नासवलं, अन् चांदीनंच फेडलं!" मी ताकाचा पेला धरून ऐकत राही. एकदा "मावशी, त्या काट्या..." इथवर आलोही होतो. त्या म्हणाल्या, "आधी ताक संपवा, गुरुजी, गरम व्हायलंय."

आज गयाबाई नाहीत. चांदी तर कधीच गेली. माझं वाक्य तेवढं राहिलं आहे: मावशी, काट्या मी जाळल्या. चांदीला बसलेले ते दोन रट्टे माझे होते.