कागदातली चॉकलेटं

मेडिकलला पहिल्या वर्षी आमचे एक सर शब्दकोडी घालत. ज्याचं आधी सुटेल त्याने "थई गयुं!", म्हणजे गुजरातीत "झालं!", असं ओरडायचं आणि एक चॉकलेट मिळवायचं. ओरडण्यात मी कधी मागे राहिले नाही. सुरतेतल्या भेस्तानला, कापडाच्या लूमच्या खडखडाटात वाढलेल्या पोरीला हळू बोलणं येतच नाही.

चॉकलेट मी खात नसे. घरी येऊन वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, शर्टाच्या खिशात टाकायची. दादा लूमवर कामाला होते. "आज बी जिकनी का व माय?" ते विचारायचे आणि खिशावर हात ठेवून म्हणायचे, "मंग खासू." शेजारच्या पोरांना वाटत असतील, असं मी धरून चालले होते.

एकदा कोडं मज्जासंस्थेवर होतं. एका आडव्या शब्दाची खूण अशी: हातांचे स्नायू वाळत जातात, कातडीखाली फडफडतात, चिमटा काढलेला मात्र कळतो. मला दादांचा दंड आठवला. कामावरून आल्यावर तो आपोआप फडफडायचा आणि ते हसायचे, "दिनभर लूम चालना, आते आंगमा चालस." मोटर न्यूरॉनचा आजार. बरं करणारं औषध नाही. अक्षरं चौकटींत बरोबर बसली. त्या दिवशी मी ओरडले नाही. दुसरंच कुणीतरी ओरडलं, टाळ्या पडल्या, आणि मला त्या टाळ्यांचा भयंकर राग आला.

वाटभर घोकत होते, उत्तर चुकलेलं असू दे.

घरी दादा अंघोळीला गेले होते. शर्ट खुंटीवर होता. खिशात सगळी चॉकलेटं तशीच, उकाड्याने मऊ पडलेली. कागदांच्या पिळलेल्या टोकांवर दातांच्या खुणा होत्या. काखेत कळसा म्हणतात तो हा. दिवसभर तुटलेल्या धाग्यांना गाठी मारणाऱ्या माणसाला कागद सुटत नव्हता, आणि मी रोज त्याच्या खिशात आणखी एक टाकत होते.

दादा बाहेर आले. माझ्या हातातलं चॉकलेट बघून ओशाळले.

"तूच सोडी दे," म्हणाले, आणि तोंड उघडलं.

पुढे त्याच आजारात दादा गेले. आता मी सुरतेतच शिकवते. कोडी मीही घालते, बक्षीस म्हणून पेन देते. तरी मागच्या बाकावर कुणी चॉकलेट काढलं की त्या कागदाच्या चुरचुरीने माझं बोलणं थांबतं. पोरांना वाटतं, बाई रागावल्या. मी बघत असते, सुटतंय का.