आठ वर्षांचा म्हणून दिलेला कुत्रा

शहराच्या टोकाला, भंगाराची गोदामं संपतात तिथे कुत्र्यांचा कोंडवाडा आहे. पत्र्याची लांब शेड, सिमेंटचे खण, जाळीची दारं. तिथली बहुतेक कुत्री रस्त्यावरची असतात. नसबंदी करून, ओळखीसाठी कानाला खाच पाडून आठवड्याभरात त्यांना जिथून उचललं तिथेच परत सोडतात. त्यांच्यासाठी मी जात नाही. गळ्यात पट्टा असलेली जी म्हातारी कुत्री तिथे येऊन पडतात, त्यांच्यासाठी जाते. ती कोणाच्या तरी घरातली असतात. घर बदललेलं असतं, मालक वारलेला असतो, नाहीतर कुत्रं सोफ्यावर लघवी करायला लागलेलं असतं. न्यायला कोणी येत नाही. मी त्यांना घरी आणते, डॉक्टरला दाखवते, महिना-दोन महिने सांभाळते आणि त्यांना ठेवून घेणारं कोणी सापडतं का ते पाहते.

नोकरी हिंगण्याच्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये. सहा दिवस कंपनीची बस आणि सातव्या दिवशी कोंडवाडा, असं नऊ वर्षं चाललं आहे. पहिल्या वर्षी मी प्रत्येक कुत्र्यासाठी रडत असे. आता रडत नाही. आता गुडघे दुखतात, आणि रविवारी डोळे उघडल्यावर पहिला विचार येतो की आज नाही गेले तर काय बिघडेल. तरी जाते. का जाते, हे मला नवऱ्यालाही नीट सांगता आलेलं नाही. तो शाळेतून निवृत्त झाला आहे. मी कारखान्यात असते तेव्हा कुत्र्यांचं सगळं तोच पाहतो.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन गेली होती तेव्हा, कोंडवाड्यातल्या राखणदाराचा फोन आला. तिथली झाडलोट आणि खाणंपिणं पाहणारा हा माणूस कामापुरतंच बोलतो.

"मॅडम, एक पट्टेवालं आलं आहे. मोठं आहे. चार दिवस झाले, खाऊन नाही राहिलं."

मी गेले. मातकट रंगाचा लॅब्राडोर होता, तोंड पूर्ण पांढरं पडलेलं. भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी जाळीजवळ बसून कुत्र्यांना ठेवतात तशी नावं एकेक घेत गेले. हा माझा नेहमीचा प्रकार. म्हाताऱ्या कुत्र्याला नाव असतंच, फक्त आपल्याला ते ठाऊक नसतं. बरोबर नाव लागलं की कान उभा राहतो. वीस-पंचवीस नावं झाली. कान हलला नाही. मी उठले तेव्हा मात्र तो उठला आणि माझ्यामागे दारापर्यंत आला. मागचे पाय थरथरत होते.

डॉक्टरांनी दात पाहिले, डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाले, "बारा तरी असेल. कमी नक्कीच नाही."

त्या वेळी माझ्या घरी आधीच चार कुत्री होती. दोन खोल्या आणि मागचं अंगण. एक आंधळी कुत्री रोज पाण्याच्या बादलीवर आपटायची, एकाला दिवसातून तीनदा औषध होतं. शेजारच्या बाई बोलेनाशा झाल्या होत्या. नवरा एका संध्याकाळी पायरीवर बसून राहिला आणि म्हणाला, "मी थकलो वं आता. तू पण थकली आहेस. हा शेवटचा ठेवू." मी हो म्हटलं. यापूर्वीही दोनदा म्हटलं होतं.

मी फोटो टाकला. लोकांचे फोन आले. सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात आणि बारा हा आकडा ऐकला की आवाज बदलतो. घरी विचारून सांगतो म्हणतात. त्या महिन्यात असे अकरा-बारा फोन झाले असतील.

मग खापरखेड्याहून एक गृहस्थ आले. वीज केंद्रातून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले, मोटरसायकलवर आले होते. मुलगा पुण्याला. बायकोला जाऊन वर्ष झालं होतं. अंगणात आले आणि कोणी न सांगता थेट त्या पांढऱ्या तोंडाच्या कुत्र्यापाशी जाऊन उकिडवे बसले. कुत्र्यानं त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. माझ्याकडे आल्यापासून त्यानं असं कोणापाशी केलं नव्हतं.

"याचं वय काय, ताई?"

मी काही बोलायच्या आत ते पुढे म्हणाले, "मले लहान पिल्लू नको. धावणं नाही होत. पण आता पुन्हा घरातून कोणाले नेणं मले जमणार नाही. बायकोले नेलं, तेवढं पुरे झालं. चार-पाच वर्षं सोबत राहील असा पाहिजे. मंग मीच जाईन अगोदर."

ते हसले. नवरा दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "आठ असेल, भाऊ."

"आठ ना? मंग ठीक आहे."

नवरा आत निघून गेला. पुढच्या रविवारी आम्ही भाड्याच्या गाडीतून कुत्र्याला खापरखेड्याला पोचवलं. विटांचं बैठं घर, अंगणात सीताफळाचं झाड, त्याच्या पानांवर वीज केंद्राच्या राखेचा पातळ थर. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि त्याच भिंतीवर त्यांच्या पत्नीचा फोटो. कुत्र्यासाठी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून घेतली होती. ते कुत्र्याला नाव ठेवायला तयार नव्हते. म्हणाले, त्याचं आधीचं नाव असन, मी काहून दुसरं ठेवू. त्याला ते नुसतं "गा" म्हणून हाक मारत, जशी इकडे बाप्यांना मारतात तशी. "चाल गा." "जेव गा." आणि कुत्रा उठून चालायला लागे.

परत येताना नवरा म्हणाला, "सांगायला पाहिजे होतं."

"सांगितलं असतं तर नेला नसता त्यांनी."

"म्हणूनच सांगायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

पहिले चार महिने त्यांचे फोन यायचे. कुत्रा सकाळी वसाहतीच्या मैदानापर्यंत चालतो, भाकरी दुधात कुस्करून दिली तरच खातो, पेपरवाल्यावर भुंकला. मुलगा पुण्याहून फोन करतो तेव्हा आधी कुत्र्याचंच विचारतो. मला बरं वाटायचं आणि त्याच वेळी फोन लवकर संपावा असंही वाटायचं. सांगायचं असतं तर त्यातल्या कुठल्याही फोनवर सांगता आलं असतं.

पाचव्या महिन्यात, उन्हाळा तापायला लागला तेव्हा, एका दुपारी मी स्टोअरमध्ये असताना फोन आला. कुत्रा खूप पाणी पीत होता आणि खाल्लेलं उलटून टाकत होता. त्यांनी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं होतं.

"किडन्या गेल्या म्हणते डॉक्टर. अन् म्हणते हा बारा-तेराचा आहे. तुम्ही तं आठ म्हणलं होतं, ताई."

मी रॅकला टेकून उभी होते. म्हटलं, "अंदाजच असतो ना, भाऊ. चुकतो कधी कधी."

"हो," ते म्हणाले. "चुकत असन."

फोन ठेवल्यावर मी माल मोजायला घेतला आणि तीनदा चुकले. पहिल्यांदा खोटं बोलले तेव्हा माझ्यापाशी कारण होतं. घर भरलेलं होतं, नवरा थकला होता, कुत्र्याला माणूस सापडला होता. या दुसऱ्या वेळी काहीच कारण नव्हतं. मी फक्त स्वतःला वाचवत होते.

रविवारी खापरखेड्याला गेले. कुत्रा दुपट्यावर पडून होता, बरगड्या दिसत होत्या. माझ्याकडे पाहून त्यानं शेपटी एकदा जमिनीवर आपटली. त्यांनी चहा ठेवला. मी चहा येईपर्यंत थांबले नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सांगितलं की मला आमच्या डॉक्टरांनी आधीच बारा सांगितलं होतं, मला माहीत होतं, मी जाणून आठ म्हटलं आणि परवा फोनवरही खोटं बोलले.

चहा उतू गेला तेव्हा त्यांनी गॅस बंद केला.

"मी तुमाले काय सांगतलं होतं?"

"सांगितलं होतं तुम्ही."

"काय सांगतलं होतं, ते म्हणा."

मी म्हटलं, "पुन्हा घरातून कोणाला नेणं जमणार नाही, म्हणाला होता."

"मंग?"

त्यांनी दोन कपांत चहा ओतला, एक माझ्यापुढे ठेवला. "घ्या, मॅडम," म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी मॅडमच राहिले.

मी कुत्र्याला परत घेऊन जाते म्हटलं. शेवटचं जे काही करायचं ते मी करीन, तुम्हाला पाहावं लागणार नाही. त्यावर मात्र त्यांचा आवाज चढला. "आता? आता कुठी नेता त्याले? पुन्हा गाडीत घालसान, पुन्हा दुसरं घर दाखवसान? त्याले काय वाटन?" मग खाली बसून कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. "काय करा लागते ते मले शिकवा."

मी त्यांना कातडीखाली सलाईन द्यायला शिकवलं. मानेमागची कातडी चिमटीत धरायची, तिचा तंबू होतो, त्यात सुई सरळ घालायची. बाटली त्यांनी पत्नीच्या फोटोशेजारच्या खिळ्याला टांगली. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून दिलं, दुसऱ्या दिवसापासून ते एकट्यानं देऊ लागले. म्हणाले, तिच्या वेळेला दवाखान्यात मले हात नाही लावू दिला कोणी.

पुढचे पाच रविवार मी कोंडवाड्याऐवजी खापरखेड्याला गेले. आम्ही फार बोलत नसू. ते बाटली टांगत, मी सुई बघे, मग दोघं कुत्र्याच्या दोन बाजूंना बसून राहत असू. बाहेर इतकं ऊन असे की रस्त्यावर माणूस दिसत नसे. कूलरची घरघर, आणि अधूनमधून "पाणी पे गा" एवढंच ऐकू येई. मला वाटायचं, त्यांनी मला चार शब्द रागाचे सुनावावेत. त्यांनी सुनावले नाहीत. परतताना बसमध्ये मला इतकी गाढ झोप लागायची की दोनदा माझा स्टॉप मागे गेला.

सहाव्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, त्यांचा फोन आला. "गेला," म्हणाले. "पहाटे पाणी पेला अन् मंग गेला. तुमाले यायचं असन तं या."

मी अर्धी सुट्टी टाकून गेले. शेजारच्या दोघांनी सीताफळाच्या पलीकडे खड्डा खणून ठेवला होता. त्यांनी कुत्र्याला दुपट्यात गुंडाळलं, मी पायांकडून धरलं. म्हातारा होता, वाळला होता, तरी जड होता. माती टाकून झाल्यावर त्यांनी मूर्तीपुढची मेणबत्ती आणून तिथे लावली आणि हळू आवाजात त्रिसरण म्हटलं. उन्हात ज्योत दिसत नव्हती. शेजारचे हात जोडून उभे होते, मीही हात जोडले.

सगळे गेल्यावर ते ओट्यावर बसले. म्हणाले, "तुम्ही खरं बोलल्या असत्या तं मी त्याले नेलं नसतं."

"हो."

"मंग तो तिथंच राहिला असता. तुमच्या अंगणात."

"हो. नाहीतर कोंडवाड्यात."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता ते म्हणतील की झालं ते बरंच झालं. मी वाट पाहत होते, हे कबूल करते. ते म्हणाले, "तरी भी तुम्ही मले विचाराले पाहिजे होतं. मी नाही म्हणलं असतं का हो म्हणलं असतं, ते माझं होतं." मग उठून त्यांनी उरलेली सलाईन, सुया, गोळ्या पिशवीत भरून दिल्या. "दुसऱ्याले कामी येतील."

तेव्हापासून मी वय खरं सांगते. डॉक्टर सांगतील त्यात स्वतःहून एखादं वर्ष वाढवते. त्यामुळे घरं कमी मिळतात. गेल्या वर्षभरात दोनच कुत्र्यांना घर मिळालं. तीन आमच्या अंगणात मेली, त्यांतली एक ती आंधळी. शेवटचा कुत्रा, शेवटचा कुत्रा, हे नवऱ्यानं आणि मीही बोलायचं सोडून दिलं आहे.

या पावसाळ्याच्या अखेरीस कोंडवाड्यात एक पॉमेरियन कुत्री आली. केस गळालेले, दात चारच उरलेले. राखणदार म्हणाला, तीन दिवसांपासून दाराशीच बसून आहे. मी तिला डॉक्टरांना दाखवलं, आठवडाभर विचार केला आणि खापरखेड्याला फोन लावला. सव्वा वर्षानं त्यांचा आवाज ऐकत होते. मुलगा पुण्याला ये म्हणतो, पण जावंसं वाटत नाही, असं म्हणाले. सीताफळाला यंदा फळं चांगली धरली होती.

मी कुत्रीबद्दल सांगितलं.

"वय?"

"तेरा. हृदय मोठं झालंय. वर्ष काढेल, कदाचित तेवढंही नाही."

त्यांच्याकडे कुकरची शिटी झाली, ती ऐकू आली.

"नाही जमणार, मॅडम," ते म्हणाले. "मले नाही जमणार."

"बरं," मी म्हटलं.

"राग नका मानू."

"नाही, नाही. तुम्ही सांगितलंत, बरं केलंत."

फोन ठेवून मी पलंगाच्या काठावर बसले. त्यांनी नाही म्हटल्याचं मला वाईट वाटलं, आणि ते नाही म्हणू शकले याचं हलकंही वाटलं. संध्याकाळी नवरा कोंडवाड्यात जाऊन तिला टोपलीत घालून घेऊन आला. मी अंगणातली एक बाजू झाडून घेतली, गोणपाट टाकलं. ती टोपलीतून उतरली, दोन पावलं चालून दमली आणि तिथेच बसली. आम्ही दोघं तिच्याजवळ फरशीवर बसलो, कारण आमचेही पाय दुखत होते.