शून्यवाल्या आपा

आपांचा आवाज आधी यायचा, आपा नंतर. कसबा बावड्याकडच्या आमच्या लॅबमध्ये संगणकाचा विभाग त्यांच्या ताब्यात होता. कुणी तपासणीच्या मशीनमधून आलेली फाईल नुसती डबल क्लिक करून उघडली की गर्जना व्हायची, "कुणी खाल्ली रं शून्यं?" आम्ही त्यांच्या माघारी त्यांना शून्यवाल्या आपा म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही असावं.

पेशंटच्या नंबराच्या सुरुवातीची शून्यं स्प्रेडशीट न विचारता काढून टाकते, ही आपांच्या लेखी सरळ चोरी होती. त्या कोरी शीट उघडायच्या, फाईल आत मागवायच्या आणि नंबरांचा रकाना आधी 'टेक्स्ट' करायच्या, म्हणजे शून्यं जागच्या जागी राहायची. मूळ फाईलला हात लावायची कुणाची छाती नव्हती, काम नकलेवर. "पावण्याला दारातच इचारायचं, तू कोण म्हणून. घरात घेतल्यावर न्हाय. सांगून सांगून दमलो की मी!" आपा अस्सल कोल्हापुरी बाईसारख्या 'आलो, गेलो'च म्हणायच्या. कुठलाही रिपोर्ट खिडकीवर जाण्याआधी त्यांचा प्रश्न ठरलेला: "फाईल कशी उघडलीस?"

एकदा राधानगरीकडच्या एका सुनेच्या गाठीचा रिपोर्ट आला. शहरातले नंबर एका शून्याने सुरू व्हायचे, तिकडचे दोन शून्यांनी. आमच्या सुहासने फाईल थेट उघडली, शून्यं उडाली, आणि गड्याने ती हाताने परत बसवली. रिपोर्ट वाईट होता. खिडकीशी तिचा नवरा उभा. कागद त्याच्या हातात पडणार, तेवढ्यात आपांनी विचारलंच.

"शून्यं गेलीवती, मी बसवली, आपा."

"म्हंजे अंदाज! माणसाचा आजार अंदाजानं वाटतोस व्हय?"

त्यांनी मूळ फाईल आपल्या पद्धतीने उघडली. सुनेची गाठ साधी निघाली. वाईट रिपोर्ट शहरातल्या एका गृहस्थांचा होता; शून्यं सोडली तर दोघांचा नंबर एकच. आपांनी स्वतः फोन करून त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे धाडलं. इकडे नवरा खिडकीशीच रडायला लागला. "रडतोस काय, पेढे आण जा," आपा त्याच्यावर खेकसल्या आणि आत जाऊन डोळे पुसून आल्या. त्या दिवशी मला ही बाई फार आवडली.

पुढे त्या निवृत्त झाल्या. गेल्या वर्षी आल्या त्या पेशंट म्हणून. रिपोर्ट मीच काढला होता, आणि तो चांगला नव्हता. कागद पुढे करवेना.

खिडकीपलीकडून आपा म्हणाल्या, "फाईल कशी उघडलीस?"

"आधी टेक्स्ट, आपा. तुम्ही शिकवलं तशीच."

"म्हंजे ह्यो माझाच?"

"तुमचाच."

माझ्या हातातला कागद घेऊन त्यांनी तो उभ्याउभ्याच नीट वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि पदर खोचला.

"मग झालं तर. ज्याचा त्याला पोचला. आता बघून घेतो मी त्याच्याकडं."