पाय अडला तिथं कुत्री बसली

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाच ठाऊक नाही.

संस्थान विलीन झालं, शिकारी कुत्री वाटली गेली आणि ती सांभाळणारी आम्ही माणसं घरी बसलो. दौलूमामा आणि मी, आम्हा दोघांना एका बागायतदार मालकांनी कोल्हापुरातल्या बंगल्यावर ठेवून घेतलं. मामा नात्याचे नव्हते. पण कुत्र्याचं जे काही मला येतं, ते सगळं त्यांचं. "मारून कुत्रं भितंय, शिकत न्हाय," म्हणायचे. "बरोबर केलं की त्याच दमाला तुकडा द्यायचा. उशीर केलास तर भलतंच शिकंल." आणि एक — माग काढताना आपला पाय अडू द्यायचा नाही. कुत्री वास सोडून आपल्या पायाकडं बघते.

पुढं कुजबुज सुरू झाली, दोघांतला एकच ठेवणार म्हणून. त्यातच मालकांचं सोन्याचं घड्याळ गेलं. सगळे नोकर अंगणात ओळीनं उभे केले. मामा स्वतःहून ओळीत गेले. "मी बी हितंच हुबा ऱ्हातो. दोरी शिवा धरंल," म्हणाले.

घड्याळाच्या डबीचा वास देऊन मी राणीला, बंगल्यावरच्या आमच्या कुत्रीला, ओळीपुढून नेलं. वास जुळला की त्या माणसापुढं बसायचं, असं तिला शिकवलेलं. मी आधी ठरवलं होतं का? आता काय लपवायचं — हो, ठरवलं होतं. मामांसमोर माझा पाय अडला. राणी बसली. आणि मी — मी तिला खिशातला तुकडा दिला. त्याच दमाला.

मामांनी मालकांकडं पाहिलंच नाही. माझ्या पायाकडं पाहिलं. मग एवढंच म्हणाले, "कुत्रीला बोल लावू नगा, मालक. तिनं शिकीवल्यालं केलं."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. का घेतलं नाही? त्याच दुपारी ते हातकणंगल्याला, आपल्या गावी निघून गेले.

पंधरा दिवसांनी घड्याळ मालकांच्याच कोटाच्या अस्तरात सापडलं. मालक ओशाळले. "दौलूला बोलावून घे," म्हणाले. दोन दिवसांनी मी सांगितलं, "निरोप धाडला, मालक. न्हाय येत म्हणत्यात."

निरोप मी धाडलाच नव्हता.

मामा चार वर्षं जगले. घड्याळ सापडल्याचं त्यांना कधी कळलं नाही. कोल्हापूरहून हातकणंगलं कितीसं लांब? गाडीत बसलं की उतरायचं. मी गेलो नाही.